ग्रीस निप्पल न विकणाऱ्या नाना पेठेतल्या स्पेअरपार्टवाल्या काकांना थँक्यू

काका नमस्कार, फोनवर थँक्यू म्हटलं की तुम्ही "बरं बरं, ठेव आता" करता म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, नातू वाचून दाखवेलच.

बाकीच्यांसाठी सांगतो, गाडी राजदूत १७५, पोलंडच्या एसएचएल एम ११ वरून एस्कॉर्ट्सने आपल्याकडे काढलेली. पुढे अर्ल्स फोर्क, म्हणजे चाकाच्या मागून वळसा घालून येणारा आर्म, आणि तो ज्या पिनवर हलतो त्या पिव्हटला ग्रीस निप्पल, म्हणजे ग्रीस गन लावून आत ग्रीस भरायची बारीक तोटी. उजवीकडे ग्रीस मस्त जायचं, डावीकडे गन दाबली की सगळं तोंडाशीच बाहेर, हात नुसते बरबटलेले. ज्याला विचारावं तो म्हणे निप्पल बदल.

मीही तेच घ्यायला आलेलो. दुसरा असता तर काउंटरवर निप्पल टाकून पैसे घेऊन मोकळा झाला असता, पण तुम्ही विचारलंत, "जुना काढून हवेत गन मारून बघितलीस का?" जुना खिशातच होता, तुम्ही दुकानातल्या गनला लावून दाबला आणि ग्रीसची शेवई सरळ बाहेर. म्हणजे आतला बॉल, स्प्रिंग ठणठणीत, अडलंय ते पुढे.

मला वाटलं जुनं ग्रीस आत दगड झालं असेल, त्यातलं तेल उडून जातं आणि साबणासारखा गाळ उरतो ना, तर डिझेल सोडू, हीट गन मारू. तुम्ही मात्र ब्रेक केबलची एक तार सोडवून भोकात घातलीत, ती टक्कन थांबली, मऊ काहीच नाही. बॅटरी मारली तर तळाला पिवळं चकचकीत, गनमेटलचा बुश, म्हणजे पिनभोवतीची धातूची नळी! आधी कुणीतरी बुश ठोकताना त्याचं भोक निप्पलच्या भोकासमोर आणलंच नव्हतं, मग ग्रीस जाणार कुठे, कपाळात?

मी म्हटलं वरूनच ड्रिल मारू, तर तुम्ही, "आणि आतला चुरा कोण काढणार, तुझा काका?" (काढलाही असतात म्हणा.) शेवटी लेथवाल्याकडून नवा बुश, आणि तो दाबायच्या आधी भोकाच्या रेषेत मार्करची खूण, एवढंच खरं तर आधीच्याने करायचं होतं. मग चाक अधांतरी ठेवून, पिनवरचा भार काढून, मी आर्म वरखाली हलवतोय आणि तुम्ही गन मारताय, आधी काळं पाणचट आलं आणि मग दोन्ही कडांनी स्वच्छ नवीन ग्रीस, काय बरं वाटलं सांगू!

मजुरी घेतली नाहीत ती नाहीतच, वर जुन्या इंग्लिश गाड्यांचे पाव इंची आटे आणि आपले ६ एमएम यातला फरक समजावलात, पाव इंची म्हणजे ६.३५ चा निप्पल सहात पिळला की आटे गेलेच म्हणून समज.

रविवारी जुन्या बाजारात हेडलाइटची रिंग शोधायला जातोय, येणार असाल तर सकाळी घरी घ्यायला येतो, राजदूतवरच.