नऊशे नव्व्याण्णवचं तिकीट गेलं कुठं?

संपादक साहेब, स.न.वि.वि.

परवा एका विमान कंपनीचा मेसेज आला, पुणे-नागपूर ९९९ पासून, म्हटलं दिवाळीला आईकडे जाऊन येऊ, पण साइटवर बघतो तर दिवाळीचा आख्खा आठवडा सेलमधून बाद, वर सीटचे वेगळे, कन्व्हिनियन्स फी वेगळी, आकडा गेला साडेसहा हजारांवर! बोनस माइल्सची, म्हणजे विमानानं गेलं की मिळणाऱ्या आणि साठवून पुढं 'फुकट' तिकीट काढता येणाऱ्या पॉइंट्सची पण तीच गत. १९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सनं माइल्सची स्कीम काढली तेव्हा उडालेल्या अंतरावर माइल्स मिळायचे, आता बऱ्याच कंपन्या भाड्यावर देतात, म्हणजे सेलचं स्वस्त तिकीट घेतलं की माइल्सही चिल्लर, आणि 'फुकट' तिकिटावर टॅक्स बहुतेक वेळा खिशातूनच. जाहिरातीत सेलच्या सीट किती ते तरी छापा ना राव. मी शेवटी ट्रॅव्हल्सची स्लीपर बुक केली.

एक वाचक, पुणे