प्लेस्टेशन प्रो घ्या म्हणतात, पण कशासाठी?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

एसएसएलसीचा, म्हणजे दहावीचा, निकाल लागल्यापासनं आमचा पोरगा प्लेस्टेशन ५ प्रोच, म्हणजे सोनीचा टीव्हीला जोडून गेम खेळायचा महागातला कन्सोलच, पाहिजे म्हणून बसलाय, आणि शहापुरात आमच्या गल्लीत अशी अजून तीन-चार घरं आहेत, म्हणून लिहितोय.

परवा त्याला घेऊन गावातल्या एका दुकानात गेलो तर दुकानदार म्हणाला साधा प्लेस्टेशन ५ कशाला नेताय, प्रो न्या, पॉवर बघा की. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे पीस बाहेरनं आणलाय, आम्हीच बघून घेतो. हा प्रो २०२४ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा सोनीनं भारतात काढलाच नव्हता, त्याच्या वायफायला लागणारा ६ गिगाहर्ट्झचा रेडिओलहरींचा पट्टा आपल्याकडं खुला नव्हता म्हणून. मग उद्या बंद पडला तर जायचं कुणाकडं?

अमेरिकेत तो ७०० डॉलरला निघाला, तेही डिस्क ड्राइव्हशिवाय, म्हणजे गेमची डिस्क घालायची सोयच नाही, ती वेगळी घ्यायची. आमची पोरं खेळतात कशी, तर एकानं डिस्क घ्यायची, खेळून झाली की दुसऱ्याला द्यायची, कव्हरच्या आत पेनानं नाव लिहिलेलं, टिळकवाडीतनं वडगावला आणि तिथनं फिरून आमच्या घरी. नवा गेम पाच हजारापर्यंत जातो, असं फिरवल्याशिवाय परवडतच नाही.

बरं ती पॉवर दिसणार कुठं? सोनीच सांगते की ग्राफिक्स ४५ टक्के जलद, पण प्रोसेसर जवळपास जुनाच. मोठ्या ४के टीव्हीवर फरक कळेल, आमच्या घरात ३२ इंची टीव्ही आणि पोरं खेळणार फुटबॉल.

जास्त पैसे मोजूच नयेत असं नाही हं. जुन्या प्लेस्टेशन ४ ची, म्हणजे पीएस४ ची, हार्डडिस्क जाऊन पीएस५ ला एसएसडी ही जलद साठवण आली तो फरक मी मेव्हण्याच्या घरी डोळ्यानं बघितलाय, आधी गेम उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आता कंट्रोलर हातात घेतोय तोवर चालू. तिथं पैसे वसूल. आणि निन्टेंडोचा स्विच २०१७ चा, ताकदीत पीएस४ च्याही मागं, तरी १५ कोटींच्या वर खपला, का तर गेम चांगले.

दुकानदारांनी पीस बाहेरचा असेल तर निदान बिलावर तसं लिहून द्यावं, एवढी विनंती छापा. आम्ही डिस्कवाला साधाच घेणार, उरलेल्या पैशात यूपीएस, पावसाळ्यात आमच्याकडं लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

आपला,
एक पालक, शहापूर, बेळगाव