दत्यास, पुलाअलीकडून

प्रिय दत्या,

शिमग्याला आला नाहीस म्हणून रागाने लिहिलं नव्हतं. राग अजून आहे, पण हे दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. हिला सांगितलं तर ती रात्रभर जागणार, आणि पोरगा म्हणतो, ड्युटी संपली, विषय संपला. गुडघे आहेत तसेच. साखरेची गोळी चालू.

कामिका एकादशीला मुक्कामी एसटीवर होतो. ड्रायव्हर नवा, घाटावरचा. हात चांगला आहे, पण खाडी त्याला कळत नाही. सव्वाआठला आपल्या त्या बिनकठड्याच्या पुलाशी आलो. दिवसभर पाऊस, त्यात तिथीची पाऊणपट धर, अकराची सव्वाआठ, म्हणजे नेमकी पूर्ण भरती. पऱ्या-ओढ्याचं पाणी जाणार कुठे? छत्री घेऊन उतरलो. कडेचे पांढरे दगड सात. लाइटात तीनच दिसत होते, नि तिसऱ्याच्या गळ्याशी पाणी.

ड्रायव्हर म्हणाला, "तात्या, अर्धं चाकसुद्धा बुडत नाही. द्या डबल बेल." मी दिली नाही. म्हटलं, ओहोटी लागू दे, दहापर्यंत उतरेल.

आत चौदा माणसं. उपासवाले आधी चिडले. एक म्हणाला, साबुदाणा वाट बघून दगड होईल. हसलो आम्ही. पण पुढच्या सीटवर एक माहेरवाशीण होती, मुंबईहून निघालेली. बापाचं शेवटचं चाललेलं. ती ओरडली नाही रे. उठून माझ्याजवळ आली नि नुसती घंटीच्या दोरीकडे बघत उभी राहिली. तेवढ्यात मागून एक जीप आली, न थांबता पाण्यात घातली आणि पलीकडे गेलीही. तिला तीत बसवायचं मला सुचलं, तोवर जीपचे लाल दिवे वळणाआड गेले होते.

पावणेदहाला पाचवा दगड दिसला. तेव्हा डबल दिली. म्हातारा साडेनऊला गेला होता.

आता डेपोत खुलासा मागितलाय, गाडी दीड तास उशिरा का. तो मी देईन. पुलावरून पाणी असताना गाडी घालायची नाही, हे दर पावसाळ्यात बोर्डावर लागतं. चिपळूणच्या 2021 च्या पुरात रोकड सांभाळत गाडीच्या टपावर बसून राहिलेल्या आगारप्रमुखांचं सगळ्यांनी कौतुक केलं, मी सीटवर बसून राहिलो तर खुलासा! असो. खुलाशात म्हाताऱ्याचं काय लिहू?

रात्री महाडचा सावित्री नदीवरचा पूल आठवतो. 2 ऑगस्ट 2016, पूल कोसळला नि जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या एसटी वाहून गेल्या. त्यांना थांबावं की जावं असं वाटायलाही वेळ मिळाला नाही. मला मिळाला, पुरता दीड तास.

आणि मग 2005 चा जुलै आठवतो. हाच पूल, मागच्या सीटवर ती बाळंतीण, आणि तू माझ्या डबलची वाट न बघता गाडी घातलीस. पंधरा दिवस बोललो नाही तुझ्याशी, डबाही वेगळा खाल्ला. तुला वाटलं, मी घाबरलो म्हणून चिडलो. तसं नव्हतं. माझा हात दोरीवर होता रे, मी देणारच होतो, तू आधी गेलास. हे इतकी वर्षं सांगितलं नाही. तेव्हा दगड किती दिसत होते, तुला आठवतं? मला दोन आठवतात. दोनच असतील तर परवा तीन असताना मी का बसून राहिलो?

तुझ्या सुनेला दिवस गेलेत असं कळलं, आनंद झाला. घराची कौलं बदललीस का? बदललीस तर जुनी फेकू नकोस, मला हवीत.

खुलाशाची मुदत सोमवारपर्यंत आहे. तुझं अक्षर बरं आणि तुला साहेबी मराठी येते, मजकूर लिहून दूधवाल्याबरोबर पाठव. फोन करू नकोस, हिला पलीकडचंही ऐकू जातं. आणि दगड किती होते, ते वेगळ्या चिठ्ठीत लिही.

तुझा,
तात्या