सूचना: डीव्हीआर पूर्ण बंद पडण्याआधी रेकॉर्डिंग काढून घ्या

सदस्यहो, ज्यांचा डीव्हीआर (सीसीटीव्ही कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं मशीन) आपोआप रीस्टार्ट होतोय किंवा आतून टक-टक आवाज येतोय, त्यांनी आधी हवं ते रेकॉर्डिंग काढावं (टक-टक होत असेल तर आधी शेवटचा परिच्छेद वाचा). दुरुस्तीचं नंतर बघू. त्याच्या आतली हार्ड डिस्क भरली की सगळ्यात जुनं चित्रण पुसून त्यावर नवं चढतं, म्हणून मेनूत जाऊन रेकॉर्डिंग थांबवा. पेनड्राइव्ह फॅट३२ फॉरमॅटचा असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही, तेव्हा तासातासाचे तुकडे घ्या. मशीनवर क्लिप चालवायच्या प्लेअरची फाइल मिळाली तर तीही सोबत घ्या आणि क्लिप कॉम्प्युटरवर चालवून बघितल्याशिवाय मूळ चित्रणाला हात लावू नका.

रीस्टार्टचा दोष दरवेळी डिस्कचा नसतो. माझा डीव्हीआर अंधार पडला की बंद व्हायचा. नवी डिस्क घ्यायला निघालोच होतो, पण निघाला ॲडाप्टर! कॅमेऱ्यांचे रात्रीचे दिवे लागले की १२ व्होल्टचे १० व्हायचे. सगळं त्या एकाच ॲडाप्टरवर जोडलेलं, माझीच हौस.

तारीख चुकलेली असेल तर आतला बटन सेल संपला असेल. रेकॉर्डिंग गेलेलं नसतं, भलत्याच तारखेखाली सापडतं.

डिस्क काढून कॉम्प्युटरला जोडली तर विंडोज बहुधा ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारेल. नाही म्हणा. डीव्हीआरची फाइल रचना त्याला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. टक-टक करणारी डिस्क मात्र पुन्हा पुन्हा चालू करू नका. चित्रण महत्त्वाचं असेल तर थेट डेटा रिकव्हरीवाल्याकडे द्या.