काकांच्या स्मरणदिनाला टेबल कुठे लावायचं

पुणे

प्रिय लेकी,
अनेक आशीर्वाद.

काकांच्या पहिल्या स्मरणदिनाचं काम ढोलपथकाने तुझ्यावर टाकलं, बरं झालं. फोटोला हार, दोन भाषणं आणि अर्धा तास वादन एवढ्यावर भागवलंत तरी कुणी नावं ठेवणार नाही. पण काकांनी जन्मभर पोरांच्या कमरेला ढोल बांधला आणि त्याच पोरांची नावं मतदारयादीत घातली. त्या दिवशी ही दोन्ही कामं व्हायला हवीत, आणि एकाच जागी.

नदीपात्रात सराव होतो तिथेच जमा. हवा पावसाळी असेल तर ढोलाच्या तोंडावरचं चामड्याचं पान ओल धरतं, सैल पडतं आणि आवाज बसतो. त्या दिवशी फायबरची पानंच लावा. दोरी एकाच बाजूने ओढत गेलं की रिंग तिरकी बसते आणि पान कडेला फाटतं. म्हणून काका समोरासमोरच्या दोऱ्या थोड्या थोड्या ताणत, मग पुन्हा एक फेरी. नवी पोरं टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, मुठीत आवळतात आणि तासाभरात बोटं सोलून घेतात. टिपरू सैल धरायचं, मारायचं मनगटातून. कानात कापूस कोंबून काही होत नाही, फोमचे बोळे आणा.

लय पळते ती ताशामुळे, आणि बोलणी खातात ढोलवाले. ताशा चढला की सगळे त्याच्यामागे धावतात. त्यात रांग लांब असली की दुसरी अडचण. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे उभ्या असलेल्या ढोलाला पुढचा ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या लयीत हा एका ठोक्याचा पाचवा हिस्सा झाला. लक्ष्मी रस्त्यावर दोन्ही बाजूंच्या इमारतींमुळे घुमून तो आणखी बिघडतो. काका मागच्या ओळींना कानावर नाही, ध्वजावर नजर ठेवायला लावत. टोल, म्हणजे धातूची थाळी, वाजवणारा मात्र मधोमध हवा. हल्ली त्याला फोटोत चांगला दिसतो म्हणून पुढे काढतात, ते करू नका.

रात्री १० च्या आत वाजवणं बंद. दवाखाना, शाळा, न्यायालय यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात तर दिवसाही नाही. काका हे पोलीस सांगायच्या आधी सांगत.

आता मतदार नोंदणीचं टेबल. ते खुर्च्यांमागे कोपऱ्यात नको, ढोल बांधायला रांग लागते तिथे हवं, आणि वादनाआधी. वादन संपलं की घामाघूम पोरं वडापावच्या गाडीकडे पळतात, अर्ज कोण भरतो? १८ पूर्ण झालेल्यांसाठी नमुना ६, म्हणजे यादीत नवं नाव घालायचा अर्ज. वयाच्या पात्रतेच्या तारखा आता वर्षातून चार आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. १७ पूर्ण झालेल्यांनाही आगाऊ अर्ज करता येतो, म्हणून अकरावी-बारावीच्यांना परत पाठवू नका. फोटो, जन्मतारखेचा पुरावा (जन्मतारीख असलेलं दहावीचं प्रमाणपत्र चालतं) आणि पत्त्याचा पुरावा आदल्या आठवड्यातच मागवून ठेव. वीजबिल आई-वडिलांच्या नावावर असलं तरी चालतं. वसतिगृहातल्या मुलांना गावाकडे किंवा इथे, कुठेही एकाच ठिकाणी नाव घालता येतं. इथे घालायचं तर कॉलेजच्या प्रमुखांच्या सहीचा दाखला लागतो. तो मिळायला वेळ लागतो, आणि पोरं नेमकी तिथेच गळतात.

अर्ज भरला म्हणजे नाव आलं, असं नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी घरी पडताळणीला येतात, घराला कुलूप असतं आणि अर्ज अडकतो. म्हणून काकांची ती वही: नाव, जन्मतारीख, अर्ज क्रमांक, आणि यादीत नाव डोळ्यांनी पाहिल्यावरच बरोबरची खूण. बऱ्याच पुढाऱ्यांचं काम अर्जांच्या गठ्ठ्याबरोबरच्या फोटोपाशी संपतं.

महापालिकेसाठी वेगळी यादी नसते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशीची विधानसभेची यादी घेतो आणि ती प्रभागवार फोडली जाते. निवडणूक जाहीर झाल्यावर धावणाऱ्यांचं नाव म्हणूनच राहून जातं. मतदान १८ ला, पण नगरसेवकपदाला उभं राहता येतं २१ ला, हेही पोरांना सांग. निम्म्यांना ते माहीत नसतं.

टेबलावर कुठल्याही पक्षाचा झेंडा नको, नेत्याचा फोटो नको. फुकट टी-शर्ट देतो म्हणत कुणीतरी येईलच, त्याला चहा पाजून पाठवा. वाद्य आणि राजकारण वेगळं ठेवा, असा उपदेशही कुणी करेल. गणेशोत्सवातल्या मेळ्यांतून, म्हणजे गाणाऱ्या पथकांतून, पुण्यातली पोरं १८९० च्या दशकापासून राजकीय पदं गात आली, आणि १९२० च्या दशकात ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या छत्रपती मेळ्याने तर शहर हलवलं. तेव्हा तो वाद तिथेच मिटव.

हडपसर, वाघोलीकडे राहायला गेलेली पथकातली जुनी मंडळी त्या दिवशी येतील. त्यांची नावं अजून पेठेतच आहेत. त्यांच्यासाठी पत्ता बदलायचा नमुना ८ वेगळ्या फायलीत ठेव. चुकून नमुना ६ भरला तर नाव दोन ठिकाणी लागतं, आणि ते कायद्यात बसत नाही.

तुझी,
आई