खुले पत्र: या आज्यांकडे कागद नाहीत

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस

सप्रेम जय भीम.

आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत आंबेडकरी चळवळीच्या, वस्तीतल्या सभेचा एक फोटो आहे. मागे शाईनं पुरुषांची नावं ओळीनं, आणि शेवटी 'व महिला मंडळ'. त्यातली आजी कोणती, ते फक्त आईला सांगता येतं. तिची कुठे नोंद व्हावी म्हणून हा फोटो घेऊन एका कार्यालयात गेले तर साहेब म्हणाले, "कागदोपत्री आधार आहे का काही?"

उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून असा कागद मागत बसल्या नाहीत. आंबेडकरी चळवळीतल्या बायका शोधून त्यांनी त्यांना बोलतं केलं आणि १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' छापून आलं. उर्मिलाताई रत्नागिरीकडच्या, बांबूची आयदानं विणणाऱ्या आईची लेक, आणि नोकरी तुमच्याच शासनाच्या सार्वजनिक बांधकाम खात्यात. मीनाक्षीताईंचे यजमान वसंत मून शासनासाठी बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड संपादित करत. त्या कामामागे शासन उभं होतं, ते योग्यच. बायकांच्या आठवणींमागे या दोघींची पायपीट.

२० जुलै १९४२ ची नागपूरची दलित महिला परिषद घ्या. बाबासाहेबांचं तिथलं भाषण लोकांना पाठ आहे. अध्यक्ष कोण होतं विचारा, माणसं गप्प होतात. सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क द्या, एकीवर दुसरी करण्याची चाल बंद करा, असे ठराव या बायकांनी तिथं केले. हे मान्य करणारा हिंदू विवाह कायदा यायला १९५५ उजाडलं!

पुराभिलेख संचालनालय आपल्याच खात्यात येतं. तिथं मोडी कागदांच्या रुमालांना, म्हणजे कापडी गाठोड्यांना जागा आहे, तशी आवाजांनाही करा. जुन्या मुलाखतींच्या वह्या, कॅसेटी ज्यांच्या घरी असतील त्यांना रीतसर पत्र लिहून मागा, प्रती काढून मूळ वस्तू परत करा. आणि नव्या मुलाखती लगेच सुरू करा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून नामांतराचा लढा १९७८ ते १९९४ चालला. सुरुवातीलाच पंचविशीत मोर्चात गेलेल्या बायका आज सत्तरीपार आहेत. समिती नेमाल, ती अहवाल देईल, तोवर यांतल्या किती उरतील?

आमच्या गल्लीतच अशा एक आजी आहेत. ऐकू कमी येतं, दुपारनंतर थकतात. माणूस पाठवाल तो सकाळी पाठवा, आणि फॉर्म भरून घ्यायला नको, ऐकायला पाठवा.

आपली,
ट्रंक सांभाळणारी एक नात