सातव्या आठवड्यातला लाँग रन

सातारा,
ऑक्टोबर

प्रिय शलाका,

अभिनंदन! तुझा मेसेज ओपीडी संपल्यावर वाचला. ‘दिवस गेलेत, सातवा आठवडा, रविवारी अठ्ठावीस किलोमीटर आहेत, पळू का?’ एका दमात एवढं सगळं फक्त तूच सांगू शकतेस. व्हॉट्सॲपवर हो किंवा नाही म्हणून मोकळं होण्यासारखा हा प्रश्न नाही, म्हणून सविस्तर लिहितेय. आणि आधीच बजावते, मी तुझी मैत्रीण आहे, तुझी डॉक्टर नाही. तुला तपासणाऱ्या मॅडमनी काही वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐकायचं.

पळणं सोडू नकोस. रविवारचे अठ्ठावीस मात्र सोड. जानेवारीच्या फुल मॅरेथॉनचं शेवटी लिहिते, नाहीतर तू मधलं काही वाचणार नाहीस.

सोनोग्राफी झाली का? त्याबद्दल तू अवाक्षर काढलेलं नाहीस. सहा ते आठ आठवड्यांच्या सोनोग्राफीत गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत रुजलेला नाही ना, हे कळतं. ठोके दिसतात, जुळं असेल तर तेही समजतं. तो रिपोर्ट हातात येईपर्यंत शिवाजी पार्कात फेऱ्या मार, हलकं पळ, पण घरापासून लांब जाऊ नकोस. त्याबरोबर हिमोग्लोबिनही बघून घे. गरोदरपणात ११ च्या खाली गेलं की आम्ही ॲनिमिया म्हणतो, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या निम्म्याहून जास्त गरोदर बायका त्यात मोडल्या. मॅरेथॉन पळतो म्हणजे आपलं रक्त चांगलंच असणार, हा पळणाऱ्या बायकांचा लाडका गैरसमज आहे.

आता सासूबाईंचं म्हणणं. हादऱ्यांनी गर्भ सुटतो अशी भीती त्यांना वाटते, आणि त्यांच्याशी वाद घालून काही उपयोग नाही. पण तुझ्या माहितीसाठी सांगते. आत्ता तो जीव जेमतेम एक सेंटिमीटरचा आहे, पाण्यात तरंगतोय, आणि गर्भपिशवी कमरेच्या हाडांच्या कड्याच्या आत बसलेली आहे. साधारण बाराव्या आठवड्याच्या आसपास ती वर यायला लागते. तोवर रस्त्यावरच्या पावलांचा धक्का तिथवर पोचून काही बिघडेल असं मानायला आधार नाही.

मग अभ्यास काय सांगतात? तू गुगल करणारच, म्हणून मीच सांगते. डेन्मार्कमध्ये नव्वद हजारांहून जास्त गर्भारपणांचा एक अभ्यास झाला, २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जॉगिंगसारखा दणक्याचा व्यायाम जास्त करणाऱ्यांमध्ये अठराव्या आठवड्याआधीच्या गर्भपातांचं प्रमाण जास्त दिसलं. हे वाचून तुझ्या पोटात गोळा येईल. पण त्यातल्या बऱ्याच बायकांना व्यायामाबद्दल विचारलं गेलं ते गर्भपात झाल्यानंतर. अशा वेळी बाई आपण काय काय केलं ते शोधून काढून सांगते, आणि हे संशोधकांनी स्वतःच मान्य केलंय. २०१९ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून घेतलेल्या आढाव्यात व्यायामाचा गर्भपाताशी संबंध आढळला नाही. मात्र तो व्यायाम बहुतेक मध्यम स्वरूपाचा होता, तुझे अठ्ठावीस किलोमीटर नव्हेत. म्हणजे मध्यम पळण्याबद्दल मी निर्धास्त आहे. फार लांब आणि फार जोरात पळण्याबद्दल निर्धास्त व्हावं इतका पुरावाच नाही, आणि जिथे पुरावा नाही तिथे मी तुझ्या हौसेच्या बाजूने कौल देणार नाही.

आणि हे आत्ताच लिहून ठेवते. लक्षात आलेल्या गर्भारपणांपैकी दहा ते वीस टक्के पहिल्या काही महिन्यांत आपोआप संपतात, आणि त्यातली निदान निम्मी गुणसूत्रांतल्या दोषांमुळे. ते दोष गर्भ रुजतानाच ठरलेले असतात. तसं काही झालंच, तर ‘मी त्या दिवशी पळाले म्हणून’ हे वाक्य मला तुझ्या तोंडून ऐकायचं नाही. उलट बाजूही तशीच आहे. नुसतं पडून राहिल्याने गर्भपात टळतो असा पुरावा नाही, तरी आपल्याकडे बेड रेस्ट किती सहज लिहून दिली जाते, तुला माहीत आहेच.

तुझं घड्याळ काढून ठेव. गंमत नाही. नेहमीच्या पेसला नाडी वर का जातेय, जिना चढताना धाप का लागतेय, असं तुला गेले काही दिवस वाटत असणार. तुझा फिटनेस कमी झालेला नाही. प्रोजेस्टेरॉन या गरोदरपणात वाढणाऱ्या हार्मोनमुळे श्वास खोल होतो आणि धाप लागल्यासारखं वाटतं. रक्तातला पाण्याचा भाग सहाव्या-सातव्या आठवड्यापासूनच वाढायला लागतो, हृदय मिनिटाला जास्त ठोके मारतं. त्यामुळे घड्याळातले नाडीचे झोन आता तुझ्यासाठी खोटे आहेत. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने गरोदर बाईची नाडी १४० च्या वर जाऊ देऊ नका असं सांगितलं होतं. १९९४ मध्ये त्यांनीच ती मर्यादा काढून टाकली, तरी आकडा अजून जिममध्ये आणि ट्रेनर लोकांच्या तोंडी जिवंत आहे. आता सांगतात ते सोपं आहे: पळताना सलग बोलता आलं पाहिजे. मी माझ्याकडच्या पळणाऱ्या मुलींना सतराचा पाढा मोठ्याने म्हणायला लावते. सतरा साते एकशे एकोणीसपर्यंत दम न लागता पोचलीस तर वेग बरोबर. मध्येच श्वास तुटला तर चाल. (पाढाच आठवला नाही तर तो वेगळा प्रश्न, त्याला मी काही करू शकत नाही.) टेम्पो, इंटरव्हल, टेकडीवरचे रिपीट्स, जोराने पळायचे सगळे प्रकार बंद.

माझा सगळ्यात मोठा आक्षेप उकाड्याला आहे. गर्भाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर चौथ्या आठवड्याच्या अखेरीस बंद होते, म्हणजे पाळीच्या हिशेबाने सहाव्या आठवड्यात. तुझा तो टप्पा नुकताच पार पडलाय, पण अवयव घडण्याचं काम अजून जोरात सुरू आहे, आणि या काळात आईच्या शरीराचं आतलं तापमान ३९ अंशांच्या वर जाऊ नये असं मानतात. एका आढाव्यात पंचवीस अंश आणि पंचेचाळीस टक्के दमट हवेत पस्तीस मिनिटं चांगल्या जोराने व्यायाम करणाऱ्या कुठल्याही गरोदर बाईचं तापमान तिथवर गेलं नाही. दिलासा देणारी गोष्ट आहे, पण आकडे पुन्हा वाच. पस्तीस मिनिटं. पंचेचाळीस टक्के. ऑक्टोबर हीटमध्ये सकाळी सहाला वरळी सी फेसवर टीशर्ट पिळून काढावा लागतो, तिथे घाम वाळतच नाही, मग अंग गार होणार कसं? तिथे तीन तास पळणं आणि त्या अभ्यासातली पस्तीस मिनिटं यांचा काही संबंध नाही. म्हणून उजाडायच्या आत नीघ, टोपी आणि पाणी बरोबर ठेव, आणि फार कोंदट दिवस असेल तर घरात पंख्याखाली सूर्यनमस्कार घाल. पळून आल्यावर कढत पाण्याने आंघोळ नको, स्टीम-सॉना तर नाहीच. अंगात ताप असेल त्या दिवशी पळायचंच नाही.

अंतराचं म्हणशील तर दीड तासाच्या वर जाऊ नकोस, आणि तेही अंगात त्राण असेल त्या दिवशी. हा आकडा कुठल्या पुस्तकातला नाही, माझा आहे. पुस्तकं इतकंच सांगतात की पाऊण तासापेक्षा लांब व्यायामात गरोदर बाईची साखर खाली येऊ शकते. उपाशीपोटी पळायची तुझी सवय आहे ना, ती आजपासून बंद. मळमळत असलं तरी दोन खजूर, अर्धं केळं, राजगिऱ्याची वडी, काहीतरी पोटात जाऊ दे. सकाळी उलट्या होत असतील तर त्या दिवशी चालणं पुरे, आणि संध्याकाळी ऊन उतरल्यावर बघ. पळताना एनर्जी जेल घेत असशील तर पाकिटावर कॅफीन किती ते वाच. दिवसभरात चहा-कॉफी धरून २०० मिलिग्रॅमच्या आत राहायचं. गुडघा दुखला की ब्रुफेन किंवा डायक्लोफेनॅक गिळायची तुमच्या ग्रुपमधली खोड मला ठाऊक आहे. त्या गोळ्या आता नाहीत, आणि ते स्प्रेही न विचारता मारू नकोस, त्यांच्यातही बहुतेकदा डायक्लोफेनॅकच असतं. फॉलिक ॲसिडची गोळी सुरू आहे असं धरून चालते. नसेल तर पत्र बाजूला ठेव आणि आधी डॉक्टरांना फोन कर.

आता एक गोष्ट तुला आवडणार नाही. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज मला समजतो. चारचौघांत बातमी फुटावी आणि मग परत सगळ्यांना सांगत फिरावं लागावं, ही वेळ कुणावर येऊ नये. पण लाँग रनच्या बाबतीत हाच रिवाज धोक्याचा आहे. कोचला माहीत नाही, म्हणून तो ‘आज ढेपाळलीस काय’ म्हणून पेस वाढवायला लावणार. सोबतच्यांना माहीत नाही, म्हणून तू हाजी अलीपाशी चक्कर येऊन बसलीस तर ते इलेक्ट्रॉल पाजून पुन्हा उभं करणार. आणि तू लाजेकाजेस्तव पळत राहणार. पहिल्या तीन महिन्यांतल्या लांब पळण्यातला मला दिसणारा खरा धोका हा आहे. सगळ्या ग्रुपला सांगू नकोस, पण एका बाईला सांग, आणि रविवारी तिच्याबरोबरच पळ. कोचलाही सांग. तो चांगला असेल तर तक्ता बदलेल, नसेल तर तू कोच बदल. निखिलला लोकेशन शेअर करून नीघ.

पळताना किंवा नंतर अंगावर डाग दिसला, ओटीपोटात कळा आल्या, एका बाजूला सणक मारायला लागली, खांद्याच्या टोकाला विनाकारण दुखलं, छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा एकच पोटरी सुजली, तर तिथेच थांबायचं आणि रिक्षा-टॅक्सी करून दवाखाना. राहिलेलं अंतर पूर्ण करायचं नाही, घड्याळ पॉज करून बघायचं नाही. तुझी पहिलीच खेप आहे, आधीचा काही त्रास नाही, म्हणून मी एवढं मोकळेपणाने लिहितेय. आधी गर्भपात झालेले असते किंवा पिशवीच्या तोंडाला टाका असता, तर वेगळं पत्र लिहिलं असतं.

मॅरेथॉनपटू पॉला रॅडक्लिफचं उदाहरण तू देणारच. ती गरोदरपणात पळाली, जानेवारी २००७ मध्ये तिला मुलगी झाली आणि त्याच नोव्हेंबरात ती न्यूयॉर्क मॅरेथॉन जिंकली. टेनिसवाल्या सेरेना विल्यम्सने दिवस गेलेले असताना २०१७ ची ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. खरंय सगळं. पण त्यांच्यामागे डॉक्टरांचा ताफा असतो आणि पळणं-खेळणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा असतो. आपल्याकडची, धावपटू हरमिलन बैन्सच्या आईची गोष्ट मला जास्त आठवते. हरमिलन पोटात असताना आईला नोकरीच्या चाचणीसाठी पंधराशे मीटर पळावं लागलं होतं. पुढे त्या मुलीने हांगझोच्या एशियाडमध्ये आठशे आणि पंधराशे मीटरमध्ये रौप्यपदकं घेतली, म्हणून ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. मला मात्र त्या बाईला नाही म्हणायची सोय नव्हती, हेच आधी दिसतं. तुला ती सोय आहे.

म्हणून जानेवारी. तेव्हा तुला पाचवा महिना असेल. फुल मॅरेथॉन मी तुला पळू देणार नाही, आणि इथे ‘बघू’ वगैरेही म्हणणार नाही. बिबचे, म्हणजे नाव नोंदवल्याचे, पैसे गेले तर गेले. सगळं नीट चाललं, मॅडम हो म्हणाल्या, पेडर रोडची चढण चालत चढायची तयारी असली, तर पुढच्या वर्षीच्या हाफ मॅरेथॉनचं बोलू. या वर्षी मी तुझ्या जागी असते तर निखिलला पळायला लावलं असतं आणि स्वतः कठड्याशी उभी राहून संत्र्याच्या फोडी वाटल्या असत्या.

सोनोग्राफी आणि हिमोग्लोबिनचे रिपोर्ट आले की फोटो पाठव. दिवाळीत येणार आहेस ना? यवतेश्वरचा घाट चालत चढू, उतरताना गाडी बोलावू, उताराने तुझे गुडघे दुखतील आणि तू पुन्हा गोळी मागशील. काकूंना अजून सांगितलं नसशील तर मला कळव, कारण त्या परवा फोन करणार आहेत आणि मला खोटं बोलायला जमत नाही.

तुझी,
मेधा